कुणीही न वाचलेली पत्रिका

१

भार्गवीचं ठरलेलं लग्न चार पानांच्या एका कागदावरून मोडलं. कागद कॉम्प्युटरमधून निघालेला होता, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायची कुणाचीच हिंमत झाली नाही. हाताने लिहिलेला असता तर निदान लिहिणाऱ्याच्या अकलेची चौकशी तरी झाली असती.

मी सकाळी भावाच्या घरी पोचले, तेव्हा वसंता कालचाच पेपर पुन्हा वाचत होता आणि कुसुमवहिनी स्वयंपाकघरात भांड्यांवर राग काढत होती. आमच्या घरात संकटाला तोंड द्यायची हीच रीत आहे. पुरुष पेपरात डोकं खुपसतात आणि बायका स्टीलवर सूड उगवतात.

"टेंभेकरांचा फोन आला," वहिनी म्हणाली. "पत्रिकेत दोष निघाला म्हणे. सासऱ्याला अनिष्ट, नवऱ्याला अनिष्ट. सगाई कॅन्सल. आता मी चार लोकांत काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखव," मी म्हटलं.

"तुम्हाला काय हो ताई. लोक आत्तापासून बोलायला लागले, पागनिसांच्या घरात दुसरी अहल्या तयार होते आहे."

पहिली अहल्या मीच. विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करण्यात माझी सगळी नोकरी सरली. कुणाचं गोदाम खरंच जळलं आणि कुणी स्वतःच काडी लावली, हे मी राखेकडे बघून सांगत असे. लग्न झालं नाही. तरुणपणी आमच्या वडिलांनी, आप्पांनी, माझी पत्रिका इतक्या घरांतून फिरवली की घड्यांवर तिचे तुकडे पडले. सातव्या घरात मंगळ, शनी आणि राहू एकत्र बसलेले. बघणारा दचकायचा आणि चहा न पिता उठायचा. शेवटी आप्पांनी ती पत्रिका चुलीत घातली आणि पुढे या घरात कुणाचीच पत्रिका करायची नाही असं ठरवलं. म्हणून भार्गवीची पत्रिका कधी झालीच नव्हती. टेंभेकरांनी मागितली तेव्हा इथल्या, उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या 'नक्षत्र कॉम्प्युटर' या दुकानातून ती छापून आणली, आणि हे निष्पन्न झालं.

भार्गवी आतून आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज ठीक होता.

"आत्या, मला विक्रांतच पाहिजे. खोटे दावे पकडायचीस ना तू? मग हे पण पकड. पण रविवारच्या आधी. रविवारी ते लोक देवासला दुसरी मुलगी बघायला चाललेत."

विक्रांत टेंभेकर हा आईने डबा भरून दिल्याशिवाय ऑफिसला न जाणारा इंजिनिअर. त्याच्यात या पोरीने काय पाहिलं ते तिचं तिला माहीत. पण तिला तो हवा होता, आणि एका मशीनने तो तिच्या हातातून काढून घेतला होता. मला एवढं पुरे होतं.

वहिनीने घरी ठेवलेली दुसरी प्रत, ते चार पानांचं बाड, माझ्यापुढे धरलं. मी ते न उघडता पर्समध्ये कोंबलं. पत्रिका नावाची वस्तू मी पुन्हा डोळ्यांसमोर धरणार नाही, हे मी फार पूर्वीच ठरवलेलं होतं.

२

जयूताई टेंभेकर, म्हणजे विक्रांतची आई, या स्वतःला मॉडर्न समजतात. घरात मिक्सर, फोनला क्रोशाचं पांघरूण आणि बोलण्यात दर वाक्याला 'आजकाल'. मी विषय काढताच त्यांनी चेहरा दुःखी केला. तो त्यांना चांगला जमतो.

"आम्ही काय जुन्या विचारांचे नाही हो, अहल्याताई. म्हणून तर कॉम्प्युटरची पत्रिका मागितली. पंडित लोकांचं काय, पैसे दिले की गुण वाढवून देतात. मशीन कशाला झूठ बोलेल? आणि आमच्या ह्यांना आधीच बीपी आहे. 'श्वशुरास अनिष्ट' असं चक्क छापलंय. गुरुजी पण म्हणाले, सातव्या घरात नुसती गर्दी आहे."

"पत्रिका तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"ती गोल-चौकोनं आपल्याला कुठे कळतात? शेवटचं पान वाचलं. त्यात सगळं लाल अक्षरांत असतं."

मशीनवर यांचा विश्वास होता, कारण मशीन यांच्यासारखंच होतं. कारण न देता निकाल सांगायचं.

"पान बघू."

त्यांनी कपाटातून फाईल काढली. फाईलमध्ये फक्त शेवटची पानं होती, नाकारलेल्या मुलींची. पहिली तीन पानं रद्दीत जात असत. भार्गवीच्या पानाखाली आणखी एक पान होतं, स्नेहा नावाच्या मुलीचं. विक्रांतसाठी ती भार्गवीच्या आधी सांगून आली होती.

"हिला पण दोष निघाला," जयूताई उसासून म्हणाल्या. "आजकाल चांगल्या मुली राहिल्याच नाहीत."

मी दोन्ही पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावली. ओळीवर ओळ बसली, अक्षरावर अक्षर बसलं. वरचं नाव सोडलं तर दोन कागदांत काहीही फरक नव्हता. दोन्ही पानं मी मागून घेतली.

दोन दुकानं जळाली आणि दोन्ही मालकांचा जबाब शब्दाला शब्द सारखा आला, तर आग एकाच हाताने लागलेली असते. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

३

'नक्षत्र कॉम्प्युटर' फ्रीगंजमध्ये चपलांच्या दुकानाच्या वर आहे. बाहेर बोर्डावर बारा राशी आणि मधोमध एक कॉम्प्युटर, त्याला गंध लावलेलं. आत काउंटरवर चारुलता नावाची मुलगी टाईप करते, काचेच्या खोलीत एसीची हवा खात मुख्य मशीन बसतं, आणि पडद्याआडच्या कोपऱ्यात विष्णू गुरुजी बसतात. दोष मशीनने काढायचा आणि शांती गुरुजींनी करायची. दोन्ही एकाच जिन्यावर. सोय उत्तम होती.

मालक रमेश दिघे यांनी मला थंड पेय मागवलं. मी विमा कंपनीची आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

"बाईसाब, आपल्याकडे गडबड होऊच शकत नाही," ते म्हणाले. "हे सर्व्हर आहे, सर्व्हर. नानाखेड्याच्या बस स्टँडवर आपलं दुसरं काउंटर आहे, ते फोनच्या लाईनवर ह्यालाच जोडलंय. तिथे माहिती टाईप केली की हिशेब इथे होतो आणि पत्रिका तिथे छापते. दिवाळीत एकदम नवीन मशीन घेतलं."

"जुन्याला काय झालं?"

"बसलं. धंद्याच्या ऐन टाईमाला."

ते फोन घ्यायला गेले तशी मी चारुलताकडे वळले. बारीक, चटपटीत, बोटं बघण्यासारखी चालणारी पोरगी. तिच्याबद्दल वहिनीने आधीच माझे कान भरले होते. चारुलताचं स्थळही कधीकाळी टेंभेकरांकडे गेलं होतं आणि परत आलं होतं. तेव्हा जळून तिनेच भार्गवीची पत्रिका बिघडवली, असा वहिनीचा सिद्धान्त. वहिनीचे सगळे सिद्धान्त लग्नापासून सुरू होऊन लग्नापाशी संपतात.

"भार्गवी पागनीसची पत्रिका तू काढलीस?"

"हो. तिच्या मम्मीने जे सांगितलं ते टाकलं. नाव, तारीख, वार, टाईम, गाव." तिने मान वर केली. "लोक मागून काय बोलतात ते मालूम आहे मला. त्या विक्रांतसाठी मी खोटं टाईप करेन? माझे इतके वाईट दिवस नाही आले."

मला ती पोरगी आवडली.

"नवं मशीन कसं आहे?"

"एकदम शांत. जुनं फार कटकट करायचं. मधूनच पीं करून अडून बसायचं, मग गिऱ्हाइकाला परत विचारा, परत टाईप करा. हे बिचारं कधीच नाही अडत. जे टाका ते घेतं." ती हसली. "फक्त कधीकधी गंमत करतं. एका लडक्याच्या पत्रिकेत 'ही कन्या' असं छापून आलं. आम्ही पेनाने खोडून 'पुत्र' केलं आणि देऊन टाकलं."

"त्याने घेतली?"

"घेतली ना. शांती पण केली."

माणसाच्या हातात कागद दिला आणि त्यावर तू बाई आहेस असं लिहिलेलं असलं, तरी हा इसम दक्षिणा देऊन घरी जातो. या गावाबद्दल मी आणखी काय सांगू?

पडदा हलला. विष्णू गुरुजी बाहेर आले. हे आमच्या घरचे जुने. यांच्या वडिलांनीच माझी पत्रिका मांडली होती. एरवी मला बघून 'काय बाई' म्हणणारा हा माणूस आज जमिनीकडे बघत होता.

"भार्गवीचं कळलं," ते म्हणाले. "बाई, तुम्ही... ती पत्रिका पाहिली का?"

"मी असला कचरा वाचत नाही."

त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि चप्पल शोधायला लागले. इतकी वर्षं खोटं बोलणारी माणसं बघितल्यावर तो श्वास मला ओळखू येतो. हा माणूस काहीतरी लपवत होता.

४

गुरुजींना धरायचा मोह झाला. दोष वाढले की शांती वाढते, तेव्हा हेतू त्यांच्याकडे भरपूर होता. पण गुरुजींना मशीनचं बटण कुठलं आणि पंख्याचं कुठलं हेही सांगता आलं नसतं. म्हणून आधी नानाखेडा गाठलं.

चारुलताने सांगितलं होतं, स्नेहाची पत्रिका तिथल्या काउंटरवर निघाली होती. तिथे अमोल नावाचा मुलगा बसतो. त्याला भार्गवी माहीत नव्हती, विक्रांत माहीत नव्हता आणि क्रिकेटखेरीज जगात काही चाललं आहे हेही फारसं माहीत नव्हतं. म्हणजे चारुलता सुटली. तिचा हात नानाखेड्यापर्यंत पोचत नव्हता, आणि तिथेही तोच कागद निघाला होता. आग काउंटरवर लागली नव्हती. मुख्य मशीनमध्ये लागली होती.

स्नेहाचं घर तिथून जवळच. आई रडवेली होती.

"पोरगी एवढी गुणाची. जन्मली तेव्हा महाकालच्या भस्म आरतीचा टाईम होता, नर्स म्हणाली लक्ष्मी आली. आणि आता मशीन म्हणतं हे असं."

भस्म आरती सूर्य उगवायच्या आधी होते. मी ते ऐकलं आणि पुढे गेले. त्याचा उपयोग तेव्हा मला कळला नाही.

दुकानात परतले ती सरळ रमेश दिघ्यांच्या टेबलापाशी. स्नेहाचं आणि भार्गवीचं अशी दोन्ही पानं त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "ही दोन माझ्याकडे आहेत. बाकीची तुमच्याकडे असतील. पोलिसांनी विचारण्याआधी मला सांगा."

पोलिसांचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण दुकानदाराला हे सांगायचं नसतं.

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खालचा खण उघडला आणि एक घडी केलेलं पान पुढे सरकवलं. तेच लाल मजकुराचं पान. वर नाव होतं पूजा दिघे.

"माझीच मुलगी, बाईसाब. दिवाळीनंतर काढली होती. कुणाला बोललो नाही."

"म्हणजे तुमच्या मशीनने तुमच्याच मुलीला हे दिलं आणि तुम्हाला संशय नाही आला?"

"संशय कशाचा? मशीन आहे." ते खरोखरच गोंधळले होते. "गुरुजींकडून तिची शांती पण करून घेतली."

लोकांना फसवणारा दुकानदार मी समजू शकते, त्याला निदान आपण काय विकतो हे ठाऊक असतं. स्वतःच्या दुकानातला माल स्वतःच खाऊन आजारी पडणारा हा पहिलाच पाहिला. पण त्यामुळे तोही सुटला.

"पूजाचा जन्म कधीचा?" मी सहज विचारलं.

"पहाटेचा. मी बाहेर उभा होतो, चहाची टपरी पण उघडली नव्हती."

आता मात्र मी उठले, आणि खालच्या पीसीओवरून वहिनीला फोन लावला.

"भार्गवी किती वाजता झाली?"

"पहाटे. मंगळवारची. का हो?"

"तारीख?"

"पाच फेब्रुवारी पंच्याहत्तर. दाखल्यावर आहे की."

खोटे दावे करणारे तारीख नीट ठरवतात आणि वार विसरतात. म्हणून तारखेवरून वार काढायचं गणित मी नोकरीत पाठ केलं होतं. मी ते तिथेच, पीसीओच्या काचेवर बोटाने मांडलं. पाच फेब्रुवारीला मंगळवार नव्हता. बुधवार होता.

आणि वहिनी खोटं बोलत नव्हती.

५

दवाखान्याची तारीख मध्यरात्री बदलते. आपल्या आयांचा वार सूर्य उगवल्यावर बदलतो. मध्यरात्रीनंतर आणि उजाडायच्या आत जन्मलेल्या मुलाची तारीख उद्याची असते आणि वार आजचा. दोघंही बरोबर असतात. आपल्याकडे हे कुणालाही विचारलं तर सांगेल, पण कुणी विचारत नाही.

हा प्रोग्राम लिहिणारा अभिजीत ऋषीनगरात राहत होता आणि अमेरिकेच्या व्हिसाची वाट बघत होता. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते आणि ते वाचवायला याला बोलावणं होतं. जगाची मला काळजी वाटली.

"मशीन तारीख आणि वार ताडून बघतं?" मी विचारलं.

"अच्छा, ते? हो. गुरुजींची आयडिया होती. लोक तारीख चुकवतात, वार नाही चुकवत. म्हणून दोन्ही घ्यायचं आणि मॅच करायचं."

"मॅच नाही झालं तर?"

"तर थांबायचं. पीं वाजवून विचारायचं, की बाबा परत तपास."

"आता ते थांबत नाही."

"असं कसं?" तो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. व्हिसा नाकारल्यावर माणसाचा होत असेल तसा.



"काकू, माझ्या घरी टेस्टचं मशीन होतं," तो म्हणाला. "प्रोग्राम बरोबर चालतो की नाही ते आधी त्याच्यावर बघायचं. तिथे शेकडो खोट्या नोंदी एकदम सोडायच्या. मधेच एखादी अडली तर सगळं थांबणार. म्हणून तिथे सेटिंग वेगळं. वार जुळला नाही की थांबू नको, एक ठरलेला नमुना आहे तो डिफॉल्ट म्हणून घे आणि पुढे चल. वर नाव-तारीख गिऱ्हाइकाची छापते, हिशेब नमुन्याचा."

"आणि दुकानात?"

"दुकानात तो नमुना नसायलाच पाहिजे. जुन्या सर्व्हरवर नव्हताच." त्याने कपाळ चोळलं. "दिवाळीत तो बसला. रमेशभैय्या डोक्यावर उभे. नव्या मशीनला सगळी सेटिंग एक-एक करून कोण देणार? मी टेस्टच्या मशीनची फाईल उचलली आणि तशीच टाकली."

"तपासून पाहिलंस?"

"पाच-सहा पत्रिका काढल्या. सगळ्या बरोबर आल्या."

"त्यातला कुणी पहाटे जन्मलेला होता?"



दुकानातल्या मशीनला कळत नसेल तर त्याने 'मला कळत नाही' म्हणावं, एवढं साधं काम. ते या हुशार मुलाने काढून टाकलं आणि त्याच्या जागी एक ठाम उत्तर बसवलं. पहाटे जन्मलेल्या प्रत्येकाला तेच. घाईत. आणि गाव भरभरून दक्षिणा देत होतं.

"नमुना कुणाचा आहे?"

"मालूम नाही. त्यात नावच नाही टाकलं. गुरुजींनी आणून दिला होता. मी म्हटलं होतं, एक अशी पत्रिका द्या ज्यात सगळे दोष एकदम असतील. म्हणजे प्रोग्राम सगळे पकडतो की नाही ते कळेल."

सगळे दोष एकदम. मला गुरुजींचा तो सुटकेचा श्वास आठवला.

६

शनिवारी दुपारी मी सगळ्यांना दुकानात बोलावलं. जयूताई येईनात, तेव्हा विक्रांतची पत्रिका नव्या मशीनवर फुकट काढून देतात असा निरोप पाठवला. त्या विक्रांतला घेऊन वेळेच्या आधी हजर झाल्या. वसंता-वहिनी आले, भार्गवी आली. गुरुजी पडद्याआड होते, त्यांना रमेश दिघ्यांनी बाहेर बसवलं. अभिजीत भिंतीला टेकून उभा राहिला.

"विक्रांतचा जन्म?" मी विचारलं.

"दुपारी बाराला, रामजन्माच्या वेळी," जयूताई अभिमानाने म्हणाल्या. जणू तेही त्यांनी ठरवून केलं होतं.

"चारुलता, सगळं खरं टाक. फक्त वार एक दिवस मागचा टाक."

तिची बोटं चालली. मशीन अडलं नाही. प्रिंटर खरखरला. शेवटचं पान मी जयूताईंच्याच हातात दिलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं.

"'चिरंजीव विक्रांत,'" त्यांनी सुरुवात केली. "'ही कन्या श्वशुरास अनिष्ट... पतीस अनिष्ट... विवाह टाळावा.'" त्या थांबल्या. "हे काय फालतू आहे?"

"मशीन झूठ कशाला बोलेल?" मी म्हटलं.

विक्रांतला हसू आलं, ते त्याने आईकडे बघून गिळलं. मग मी रमेश दिघ्यांच्या तारखेला चुकीचा वार लावला. मग वसंताच्या. खोलीतले सगळे पुरुष एकेक करून सासऱ्याच्या जिवावर उठलेल्या कन्या झाले. शेवटी मी भार्गवीची माहिती घ्यायला लावली, पाच फेब्रुवारी, वार बुधवार. पान निघालं. त्यात लाल मजकूर नव्हता. विक्रांतशी गुण जुळत होते, जयूताईंना पुरतील इतके.

मग मी त्यांना तारीख, वार, नमुना, सगळं समजावलं. अभिजीतने मान खाली घालून होकार दिला. वहिनी रडायला लागली, आता आनंदाने. फरक आवाजावरून कळत नव्हता.

"म्हणजे आमच्या भार्गवीत काहीच खोट नव्हती," वसंता म्हणाला. आठवड्यातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"पण मग ही आहे कुणाची?" चारुलताने विचारलं. तिच्या हातात ढीग होता. "एवढ्या सगळ्यांना जी मिळाली, ती पत्रिका कुणाची आहे?"

गुरुजी उठून पडद्याकडे निघाले.

"बसा," मी म्हटलं.

ते बसले. "बाई, माझी नियत वाईट नव्हती," ते म्हणाले. "पोरगा म्हणाला, सगळे दोष एकत्र असलेली द्या. उज्जैनमध्ये तशी दुसरी नव्हती. वडिलांच्या कागदांत नक्कल होती. पहिल्या मुलीच्या वेळेलाच मी ओळखली. पण वाटलं, मशीन आहे, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. भार्गवीच्या जन्मवेळी तर शनीही फिरून तुमच्या वेळच्याच राशीत आलेला होता, म्हणजे तिची खरीही असू शकली असती. मी गप्प बसलो."

मी पर्समधून ते चार पानांचं बाड काढलं. आठवडाभर ते माझ्याजवळ होतं. दुसरं पान उघडलं.

सातव्या घरात मंगळ, शनी आणि राहू.

घरचा पत्ता ओळखावा तसं मी ते ओळखलं. वर 'चि. सौ. कां. भार्गवी' असं छापलेलं होतं आणि खाली मी होते. पहिल्याच दिवशी हे पान उघडलं असतं तर नानाखेडा नको होता, ऋषीनगर नको होतं. जयूताई शेवटचं पान तरी वाचतात, मी तेवढंही केलं नव्हतं. आठवडाभर मी ज्या लोकांना हसले, त्यांच्या रांगेत मी सगळ्यांत पुढे उभी होते.

मी अभिजीतकडे बघितलं. "माझा जन्मही पहाटेचाच," मी म्हटलं. "माझी माहिती बरोबर टाक नाहीतर चुकीची टाक, तुझ्या मशीनने या गावात एकट्या माझीच पत्रिका कधी चुकवली नसती."



७

जयूताई मात्र लगेच सावरल्या. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि आवाज मऊ केला.

"अहल्याताई, झालं ते झालं. भार्गवी आमचीच. देवासला कळवून टाकते. उद्या रविवार आहे, उद्याच सगाई करून टाकू." मग त्या थोड्या वाकल्या. "फक्त एक. तुम्ही शहाण्या आहात, बुरा नका मानू. सगाईला या, जेवायला या. पण ओटी भरायच्या टाईमाला, अक्षता पडतील तेव्हा, जरा मागे राहा. म्हणजे आता सगळ्यांना मालूम झालं ना पत्रिकेचं. आमच्या ह्यांना बीपी आहे."

मला राग आला नाही. मला ही बाई पाठ होती. तिशीत मी असल्या बायकांच्या बैठकीत बसून उठले होते. मी 'राहते मागे' असं म्हणणारच होते, कारण पोरीचा रविवार माझ्या मानापेक्षा मोठा होता.

"दे तो कागद," भार्गवी म्हणाली.

ती माझ्याशी बोलत होती. मी तिला तिची नवी पत्रिका दिली, बुधवारची.

"ही नाही. ती."

तिने माझ्या हातातून जुनं बाड घेतलं, त्याच्या घड्या सरळ केल्या आणि जयूताईंसमोर धरलं.

"काकू, ह्याच्यावर माझं नाव आहे. ह्याच कागदावरून तुम्ही मला नाही म्हटलं. आता हीच माझी पत्रिका. आत्या माझी ओटी भरेल, नाहीतर कुणी नाही भरणार. पाहिजे तर उद्या देवासला जा."

"भार्गवी," वहिनीने तोंडाला पदर लावला.

मी सांगते, त्या वेळी मला खरी भीती वाटली. तो मुलगा मला माहीत होता. तो आईकडे बघणार, आई दाराकडे बघणार, आणि या पोरीचं माझ्यासारखं होणार. आणि तेही माझ्यामुळेच, या वेळी मशीनचा काही दोष नसताना.

विक्रांतने आईकडे बघितलं. मग पुढे होऊन भार्गवीच्या हातातून कागद घेतला. चष्मा नाकावर नीट केला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. पहिलं, मग ते चौकोनाचं, मग तिसरं, मग लाल अक्षरांचं. एकही ओळ सोडली नाही. दिवाळीपासून या दुकानातून निघालेल्या त्या कागदांतला एखादा पूर्ण वाचणारा हा पहिला माणूस.

वाचून झाल्यावर त्याने घडी केली आणि ती स्वतःच्या खिशात ठेवली.

"चालेल," तो म्हणाला.

जयूताई काहीतरी बोलल्या. त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकूनही उत्तर दिलं नाही. त्याच्यासाठी हे नवीन असावं, कारण त्याचे कान लाल झाले होते.

डब्याबद्दल मी जे म्हटलं ते मागे घेत नाही. पण रविवारी ओटी मी भरली.